जॉन, मेरी आणि गावचा खर्च

समजा, तुम्हाला एक डेटाबेस दिला. त्यात टेबलं तीन: बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. डेटा साडेचारशे वर्षांहून जास्त काळाचा. प्रायमरी की नाही. बरेचसे पुरुष जॉन, विल्यम नाहीतर थॉमस. बायका मेरी, एलिझाबेथ नाहीतर अ‍ॅन. आडनावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. एखादं मूल लहानपणीच गेलं तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत, म्हणजे एकाच घरात दोन जॉन. आणि जो माणूस गाव सोडून गेला त्याची कुठेच नोंद नाही, तो आपला एका पानावर असतो आणि पुढच्या पानावर नसतो.

आता सांगा, १७३१ साली ज्याचा बाप्तिस्मा झाला तो जॉन आणि १७५६ साली ज्याचं लग्न झालं तो जॉन, हा एकच माणूस का?

इंग्लंडमध्ये हजारो लोक शनिवार-रविवारी हाच जॉइन लिहीत बसलेले असतात. बहुतेक निवृत्त मंडळी, पण तरुणही खूप. आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात त्याचाच हा चुलतभाऊ म्हणा ना. फरक एवढाच की कुलवृत्तांतात आपल्या कुळातले लोक तेवढे असतात. तिकडे मात्र नुसती वंशावळ काढून भागत नाही, कारण ती काढायला बसलं की चार पिढ्यांत गाडी अडते. मग गावाचा इतिहास वाचावा लागतो, शेजारी कोण होते ते बघावं लागतं, आणि शेवटी माणूस सामाजिक इतिहासात कधी शिरला ते त्याचं त्यालाच कळत नाही. आज त्याबद्दलच लिहितोय. उदाहरणासाठी एकच काउंटी घेऊ : एसेक्स. लंडनच्या पूर्वेला, दक्षिणेकडे थेम्स, उत्तरेला सफक काउंटी. मुख्य गाव चेल्म्सफर्ड. एसेक्सच का? कारण इथली कागदपत्रं अफाट आहेत आणि त्यांच्यावर कामही तेवढंच झालंय.

पहिल्यापासून सुरुवात करू. हा डेटा गोळा करायला सुरुवात झाली १५३८ मध्ये. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, असं समजा) एक वही ठेवावी आणि दर आठवड्याला त्यात लग्नं, बाप्तिस्मे आणि दफनं लिहावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चच्या वॉर्डनांकडे. चुकलं तर तीन शिलिंग चार पेन्स दंड. चक्क दोघांचं ऑथेंटिकेशन!

लोकांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांना वाटलं, आज नावं लिहून घेतायत, उद्या जन्मावर आणि मरणावर कर लावतील. ही शंका वेडगळ नव्हती. थोडा उशीर झाला इतकंच. १६९५ पासून दहा-अकरा वर्षं जन्म, लग्न आणि दफन या तिन्हींवर खरोखर कर होता. पुढे १७८३ मध्ये रजिस्टरमधल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा स्टॅम्प कर आला आणि तो १७९४ पर्यंत टिकला. गरिबांना त्यातून माफी होती. म्हणून त्या वर्षांच्या वह्यांत काही नावांपुढे 'पी' असं अक्षर दिसतं. पी म्हणजे पॉपर, कफल्लक. हे 'पी' लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे.

त्याआधी १६६० आणि ७० च्या दशकांत आणखी एक मजेशीर कायदा झाला : प्रेत लोकरीच्याच कापडात गुंडाळून पुरायचं, नाहीतर पाच पौंड दंड. कारण धार्मिक वगैरे काही नाही, देशी लोकरीचा खप वाढावा म्हणून. एसेक्समधलं कोलचेस्टर हे लोकरीच्या कापडाचं मोठं केंद्र, तेव्हा तिथले विणकर खूश झाले असणार. दफनाच्या नोंदीपुढे 'प्रतिज्ञापत्र मिळालं' असा शेरा दिसला तर तो या लोकरीचा. म्हणजे आज आपण ज्याला 'पूर्वजांची नोंद' म्हणतो, ती त्या वेळी कुठल्यातरी हिशेबाची ओळ होती. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कागद कुणी लिहिला आणि पैसे कुणाचे जाणार होते, हे कळल्याशिवाय कागद वाचता येत नाही.

थोड्या तांत्रिक भानगडी सांगून टाकतो, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्यांना त्या आवडतील. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे वहीत '१० फेब्रुवारी १७३१' असेल तर आपल्या हिशेबाने ते १७३२. मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसलं, तर त्यांच्या अब्रूवर जाण्यापूर्वी कॅलेंडर बघावं! १७५२ च्या सप्टेंबरमध्ये तर २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. लिनक्सवर 'कॅल ९ १७५२' अशी कमांड देऊन बघा, अकरा दिवस गायब दिसतील. आडनावांच्या स्पेलिंगसाठी आपण एसक्यूएलमध्ये जे साउंडेक्स वापरतो ते अमेरिकेत १९१८ साली पेटंट झालं. उच्चार सारखा पण स्पेलिंग वेगळं अशी नावं एका खणात टाकण्यासाठीच. कॉम्प्युटर नसताना कार्डांवर चालायचं ते.

तर आता गावाकडे वळू. उत्तर एसेक्समध्ये कोलन नदीच्या खोऱ्यात अर्ल्स कोलन नावाचं गाव आहे. अ‍ॅलन मॅकफार्लेन हा इतिहासकार आणि मानववंशशास्त्रज्ञ. १९४१ मध्ये शिलाँगला जन्मलेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो नेपाळमध्ये गुरुंग लोकांच्या गावात राहून आला. तिथे गावातला प्रत्येक माणूस, त्याची नाती, त्याची जमीन, भांडणं, सगळं टिपायचं हे त्याचं काम. परत आल्यावर त्याला वाटलं, हेच आपल्याकडच्या मेलेल्या गावाचं करता येईल का? अर्ल्स कोलनची चर्चची रजिस्टरं, जमीनदाराच्या कोर्टाच्या वह्या, मृत्युपत्रं, कराच्या याद्या, खटले, १५९८ ची जमीनमोजणी, असे सगळे कागद त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकत्र केले, शब्दन्‌ शब्द उतरवले आणि प्रत्येक नावाची अनुक्रमणिका केली. आधी हाताने, मग १९७० च्या दशकात केंब्रिजच्या कॉम्प्युटरवर. १३७५ ते १८५४ असा साधारण पावणेपाचशे वर्षांचा एका गावाचा डेटा. पुढे तो वेबवरही टाकला गेला. पंच्याहत्तर सालच्या हार्डवेअरवर रेकॉर्ड लिंकेज! आपण उगाच बिग डेटाच्या गप्पा मारतो.

यातून काय निघालं? एक आकडा सांगतो. १६७७ साली गावातल्या २७४ जमिनींच्या तुकड्यांची यादी होती. त्यातले किती तुकडे १५९८ मध्येही त्याच कुटुंबाकडे होते? मुलींकडून आलेला वारसा धरूनसुद्धा फक्त २३. जेमतेम दोन-तीन पिढ्यांमागची गोष्ट आहे ही. आपल्या डोक्यात इंग्लंडच्या खेड्याचं जे चित्र असतं, तीच घराणी, तेच शेत, तोच ओक वृक्ष, ते इथे पार कोसळतं. मॅकफार्लेनने यावरून पुढे १९७८ मध्ये इंग्लिश माणूस मध्ययुगापासूनच व्यक्तिवादी होता असा मोठा सिद्धांत मांडला आणि त्यावर बऱ्याच इतिहासकारांनी त्याला झोडपलं. ते भांडण बाजूला ठेवू. लोक खूप हलत होते, एवढं मात्र इतर गावांतही दिसलं.

का हलत होते? याचं उत्तर दुसऱ्या एका प्रकल्पात आहे. केंब्रिजमध्ये १९६४ साली पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी लोकसंख्येच्या इतिहासाचा एक गट काढला. त्यांच्यासाठी गावोगावच्या हौशी मंडळींनी आपापल्या चर्चच्या वह्यांतून महिनेवार आकडे मोजून पाठवले. त्यातल्या ४०४ पॅरिशांच्या आकड्यांवर १९८१ मध्ये इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास उभा राहिला. ओपन सोर्सवाल्यांनी मान खाली घालावी असं काम. त्यांना दिसलं की सतराव्या शतकात साधारण मुलीचं पहिलं लग्न पंचविशीच्या पुढे-मागे व्हायचं, पोरवयात नाही. कारण लग्न म्हणजे वेगळी चूल आणि वेगळ्या चुलीला पैसे लागतात. तोवर काय करायचं? तर चौदा-पंधराव्या वर्षापासून दुसऱ्याच्या घरी किंवा शेतावर सालदारी. दरवर्षी मालक बदलायचा, बरेचदा गावही. म्हणजे गावातली तरुण पोरं सतत फिरती.

आणि इथेच डेटाबेसमधली मोठी गोची आहे. चर्चच्या वहीतून कुटुंब जुळवायचं तर माणूस जन्मापासून मरेपर्यंत त्याच गावात हवा. जो राहिला त्याचा पूर्ण रेकॉर्ड, जो गेला तो गळला. राहिलेले लोक साधारणपणे बऱ्या परिस्थितीतले आणि गेलेले गरीब. म्हणजे नुसती रजिस्टरं वाचून लिहिलेला गावाचा इतिहास हा राहिलेल्यांचा इतिहास होतो. आपल्या भाषेत, सर्व्हायव्हरशिप बायस.

मग गेलेले लोक सापडतात कुठे? ते सापडतात खर्चाच्या कागदांत.

१६०१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांना पोसायची जबाबदारी आली. गावातल्या घर-जमीनवाल्यांकडून कर गोळा करायचा आणि विधवा, म्हातारे, आजारी, अनाथ यांना द्यायचा. हे काम 'ओव्हरसियर' करायचे. दरवर्षी गावातल्याच शेतकरी-दुकानदारांतून नेमलेले, बिनपगारी. ऐकायला चांगलंच आहे, आणि त्या काळाच्या मानाने होतंही. पण लगेच प्रश्न आला : 'आपले' गरीब म्हणजे कोण? १६६२ मध्ये त्यावर कायदा झाला. वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहायला आलेला कुणी पुढे गावावर बोजा होईल असं वाटलं, तर चाळीस दिवसांच्या आत त्याला त्याच्या मूळ पॅरिशला हाकलता येईल. मूळ पॅरिश ठरवायचे नियम नंतर वाढत गेले. वडिलांचं गाव. बाईचं लग्न झालं की नवऱ्याचं गाव. जिथे शिकाऊ उमेदवारी केली ते गाव. लग्नाआधी जिथे पूर्ण एक वर्ष सालदारी केली ते गाव. याला म्हणायचे 'सेटलमेंट'. रहिवासी दाखलाच, पण असा की ज्यावर म्हातारपणीची भाकरी अवलंबून.

पूर्ण एक वर्ष म्हटलं की मालकांनी काय केलं असेल? अकरा महिन्यांचे करार बघत मोठे झालेल्या आपल्याला हे सांगायला नको. ते गडी एक्कावन्न आठवड्यांसाठी ठेवायला लागले!

आता समजा, एखादा मजूर अर्ल्स कोलनमध्ये आजारी पडला आणि त्याने मदत मागितली. ओव्हरसियर त्याला दोन न्यायाधीशांपुढे उभा करायचा. तिथे शपथेवर त्याला सगळं आयुष्य सांगावं लागे : जन्म कुठला, बाप कुठला, कितव्या वर्षी कुणाकडे कामाला लागला, वर्ष पूर्ण केलं का, पगार किती, लग्न कुठे आणि कुणाशी, मुलं किती आणि काय वयाची. कारकून ते एका पानावर उतरवायचा आणि खाली त्या माणसाची सही, बरेचदा नुसती फुली. (लग्नाच्या वहीत सही करायचा नियम १७५४ मध्ये आला, तेव्हा निम्म्याहून जास्त बायका फुलीच काढत होत्या.) हेतू एकच, याचा खर्च दुसऱ्या कुठल्या गावावर ढकलता येईल का ते बघणं. आणि परिणाम काय, तर ज्या माणसाची एरवी जन्म-लग्न-मरण अशा तीन ओळींपलीकडे नोंद नसती, त्याचं अख्खं चरित्र त्याच्याच तोंडून आपल्यापर्यंत आलं. अशा जबान्यांचे गठ्ठे आज चेल्म्सफर्डच्या एसेक्स रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत. १९३८ साली एफ. जी. एमिसन हे तिथले पहिले काउंटी आर्काइव्हिस्ट झाले आणि तीसेक वर्षं त्यांनी चर्चच्या पेट्यांतले, वकिलांच्या माळ्यावरचे कागद गोळा करून लावले. असा माणूस प्रत्येक जिल्ह्याला मिळायला हवा.

या कागदांत क्रूरपणाही भरपूर आहे. अनौरस मुलाची सेटलमेंट जन्मगावची मानली जायची. त्यामुळे लग्न न झालेली गरोदर मुलगी म्हणजे गावाला पुढच्या दहा-बारा वर्षांच्या खर्चाची धास्ती. तिला बाळंत होण्याआधी हद्दीपलीकडे पोचवायचे, मग ती कुठल्या अवस्थेत का असेना. १७९५ मध्ये नियम सैल झाला, प्रत्यक्ष मदत मागितल्याशिवाय कुणाला हाकलायचं नाही असं ठरलं. पण लग्न न झालेल्या गरोदर बाईला त्यातून वगळलं : तिने मदत मागितली असंच धरायचं! १६९७ च्या कायद्याने तर मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीवर लाल किंवा निळ्या कापडाचा बिल्ला लावायचा होता. त्यावर गावाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोठा 'पी'. हाच तो पी. सगळ्या गावांनी तो नेमाने लावला असं नाही, पण कायद्यात तो १८१० पर्यंत होता. आपला कोण आणि बाहेरचा कोण, आणि बाहेरच्याचा खर्च आम्ही का करायचा, हा वाद आपल्याला काही अनोळखी नाही.

पण गरीब माणूस नुसता मुकाट्याने हाकलला जात होता असंही नाही. एसेक्सचा दुसरा खजिना म्हणजे गरिबांनी लिहिलेली पत्रं. झालं असं की बरेच लोक कामासाठी लंडनला, कोलचेस्टरला किंवा शेजारच्या सफकमध्ये जाऊन राहिले, पण त्यांची सेटलमेंट राहिली गावाकडे. अडचण आली की ते गावच्या ओव्हरसियरला पत्र लिहायचे. कधी स्वतः, कधी कुणाकडून लिहवून. स्पेलिंग बोलण्याबरहुकूम, त्यामुळे मोठ्याने वाचलं तर दोनशे वर्षांपूर्वीचा एसेक्सचा उच्चार ऐकू येतो. थॉमस सोकोल या जर्मन इतिहासकाराने १७३१ ते १८३७ या काळातली अशी साडेसातशेच्या आसपास पत्रं २००१ मध्ये जशीच्या तशी छापली.

पत्रांतला मजकूर साधारण असा : काम सुटलंय, बायको आजारी, भाडं थकलंय, बूट नाहीत, घरमालक सामान विकायला निघालाय. आणि मग, फार अदबीने, खरा मुद्दा. पैसे पाठवले नाहीत तर नाइलाजाने आम्हा सगळ्यांना गावाला परत यावं लागेल. ओव्हरसियरला याचा अर्थ बरोबर कळायचा. अख्खं कुटुंब आलं तर घर बघा, जेवण बघा, प्रवासाचा खर्च द्या. त्यापेक्षा आठवड्याला दोन-चार शिलिंग पाठवणं स्वस्त. ज्या हिशेबाने त्यांना हाकललं जात होतं तोच हिशेब हे लोक ओव्हरसियरवर उलटवत होते. यात लबाडी आहे का? असेलही थोडी. पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने कायदा इतका नेमका ओळखावा, हे वाचून मला तरी बरं वाटलं.

याच्या शेजारी अर्ल्स कोलनचाच आणखी एक कागद ठेवून बघा. १६४१ पासून १६८३ मध्ये मरेपर्यंत तिथे राल्फ जॉसेलिन नावाचा पाद्री होता. त्याने रोजनिशी लिहिली आणि ती टिकली. हवा, पिकं, दुखणी, राजकारण, मुलांची आजारपणं, सगळं आहे त्यात. १६५० साली त्याची आठ वर्षांची मेरी गेली. त्या दिवसांत त्याने जे लिहून ठेवलंय त्यावरून कळतं की 'तेव्हा मुलं मरतच असत, त्यामुळे आईबापांना फार वाटत नसे' ही समजूत किती पोकळ आहे. मॅकफार्लेनने १९७० मध्ये जॉसेलिनच्या कुटुंबावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण पाद्र्याला रोजनिशी होती. त्याच गावातल्या मजुराच्या मुलीची दफनाच्या वहीत एक ओळ. दुःख दोन्ही घरी होतं, नोंद एकाच घरची.

१८३४ मध्ये जुनी पद्धत मोडली. पॅरिशांचे गट करून मोठी वर्कहाउसं बांधली, आणि धडधाकट माणसाला मदत हवी तर त्याने आत येऊन राहायचं असं धोरण झालं. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि १८४१ पासून जनगणनेची नावानिशी पानं मिळतात. इथून पुढचं संशोधन सोपं म्हणतात. काही अंशी खरं आहे. पण १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, आणि एसेक्समधल्या पानामागून पानावर धंदा एकच : 'अ‍ॅग लॅब', शेतमजूर. इंग्लंडमधल्या हौशी संशोधकांचा हा नेहमीचा विनोद आहे. सरदार शोधायला निघालात तर अ‍ॅग लॅब भेटेल. १८५१ च्या पानांत जरा जास्त दिसतं. वय नेमकं, जन्मगाव दिलेलं. उत्तर एसेक्समधल्या बायका-पोरी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणताना दिसतात, टोप्यांसाठी. हॉल्स्टेडला कोर्टोल्डच्या रेशीम गिरणीत मुली काम करताना दिसतात. घरचा पुरुष शेतमजूर, पण घर चालायचं ते या बायकांच्या कमाईमुळेही, हे वंशावळीतून कधीच कळलं नसतं.

आणि १९११. त्या वर्षीचा फॉर्म घरच्या माणसाने स्वतः भरलेला आहे, आणि लग्न झालेल्या बाईसाठी त्यात एक प्रश्न होता : मुलं किती झाली, जिवंत किती, गेली किती? सरकारला जन्मदर घटत चालल्याची चिंता होती म्हणून विचारलेला. पण कुणाच्या तरी पणजीच्या घरात 'झाली ९, जिवंत ५, गेली ४' असं तिच्या नवऱ्याच्या हातचं वाचताना सरकारची चिंता आठवत नाही.

मग ही एसेक्सची पोरं गेली कुठे? बरीचशी जवळच, वेस्ट हॅमला. गोद्या, रसायनं, रबर, गॅस असे लंडनला नकोसे उद्योग लंडनच्या हद्दीबाहेर, म्हणजे एसेक्सात वाढले. वेस्ट हॅमची वस्ती १८५१ मध्ये सुमारे १९ हजार होती, १९०१ मध्ये अडीच लाखांच्या वर गेली. १९६५ मध्ये हा भाग ग्रेटर लंडनमध्ये गेला, त्यामुळे ज्यांचे पूर्वज 'एसेक्सचे' त्यांचा पत्ता आज लंडनचा निघतो. हद्दी बदलतात, कागद मात्र जुन्याच हद्दीनुसार पडलेले असतात. शोधणाऱ्याने जुना नकाशा घेऊनच बसावं.

याच गोद्यांत आपलीही माणसं आली. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर कोकणातले, रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी असत आणि प्रवाशांच्या जेवणाखाण्याच्या कामावर गोव्याचे लोक. रॉयल अल्बर्ट डॉक १८८० चा, टिलबरी १८८६ चा, दोन्हीकडे या बोटी लागत. इंग्लिश कागदांत हे 'लास्कर'. त्यांच्यासाठी करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशांपेक्षा बराच कमी, आणि परत हिंदुस्थानात पोचवण्याची अट. १८२३ च्या कायद्यात तर ठरवलंच होतं की बंदरात निराधार पडलेल्या लास्करांचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने करायचा आणि बोटीच्या मालकांकडून वसूल करायचा. ओळखीचं वाटतं ना? तोच सेटलमेंटचा कायदा, फक्त पॅरिशच्या जागी समुद्र. १९१५ सालच्या ब्रिटिश बोटींच्या क्रू-लिस्ट्स स्वयंसेवकांनी टाइप करून नेटवर शोधता येतील अशा केल्यात. कोकणातल्या कुणाला पणजोबा बोटीवर होते एवढंच माहीत असेल, तर तिथे शोधून बघायला हरकत नाही. स्पेलिंगबाबत मात्र मन मोठं ठेवावं लागेल.

आजकाल वंशावळीच्या साइट्स एका क्लिकवर 'हा तुमचा पूर्वज असू शकेल' असं सुचवतात. इंडेक्स म्हणून त्या झकास आहेत. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली तीही नेटवरच. पण सुचवणं म्हणजे पुरावा नव्हे. कुणीतरी नाव आणि साल जुळतंय म्हणून दोन जॉन जोडतो, दुसरा त्याचं झाड कॉपी करतो, आणि वर्षभरात तीच चूक वीस ठिकाणी सापडते आणि वीस ठिकाणी आहे म्हणून खरी वाटायला लागते. यावर उपाय जुनाच आहे. माहीत असलेल्या माणसापासून मागे जायचं, एकेक पायरी, आणि प्रत्येक जॉइनला दुसरा कागद मागायचा. त्यातला एक जॉन दोन वर्षांचा असताना पुरला गेला नव्हता ना, हे दफनाच्या वहीत बघायचं. शेजारच्या पाच पॅरिशांत त्याच नावाचा दुसरा कुणी नव्हता ना, तेही बघायचं.

चुकीच्या जॉइनमध्ये एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मला वाटतं, पडतो. ज्या बाईला सात-आठ महिन्यांची गरोदर असताना गाडीत घालून हद्दीपलीकडे सोडलं, तिच्याजवळ स्वतःचं म्हणून इतिहासात एकच पान आहे, ते जबानीचं. तेही तिने मागितलेलं नाही. ते पान घाईघाईने दुसऱ्याच कुणा मेरीच्या नावावर जोडलं, तर तिला गावाने एकदा हाकललं होतं, आपण दुसऱ्यांदा हाकलतो. तेव्हा जॉइन लिहिताना तेवढी काळजी घ्यायची. नाही जुळलं तर तो रकाना रिकामा ठेवायचा. नल ही सुद्धा व्हॅल्यू असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.